फोन उचलला नाही

यादीत सदतिसाव्या ओळीवर माझ्याच गाडीचा नंबर होता. आधी वाटलं, एखादा आकडा इकडचा तिकडे झाला असेल. पण नंबरापुढे नाव माझं होतं, पत्ता माझा होता आणि 'मुदत संपल्याची तारीख' या रकान्यात आजपासून सतरा दिवसांपूर्वीची तारीख होती. ही यादी दर सोमवारी सकाळी दहाला माझ्या टेबलावर येते. ज्यांच्या गाडीचा विमा संपून दोन आठवडे उलटलेत आणि ज्यांनी तो पुन्हा भरलेला नाही, अशांची यादी. मी तिच्यावरून नजर फिरवते, प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीनं बारीक टिंब देते, खाली सही करते आणि साहेबांकडे पाठवते. सदतिसाव्या ओळीपुढेही मी टिंब दिलं, हात सवयीनं पुढे गेला. अडतिसाव्यापुढे दिलं, एकोणचाळिसाव्यापुढे दिलं, आणि चाळिसाव्यावर पेन्सिल टेकवून बसून राहिले. पलीकडे झेरॉक्सचं मशीन चालू होतं. त्याचा उजेड भिंतीवरून सरकायचा, थांबायचा, परत सरकायचा. मला पहिल्यांदा जे वाटलं ते भीती वगैरे काही नव्हतं. नाटक चालू असताना प्रेक्षकांतून आपलंच नाव कुणीतरी पुकारावं, तसं ओशाळल्यासारखं झालं. मग आठवलं की गाडी या क्षणी घरासमोर उभी नाही. साडेआठला नवरा सासूबाईंना घेऊन निघाला होता. दोन तासांवर डोळ्यांचं हॉस्पिटल आहे, तिथे त्यांच्या दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा होता. म्हणजे आत्ता ते हायवेवर असणार.

मी त्याला फोन लावला. पूर्ण वाजला आणि बंद झाला. तो उचलणार नाही हे मला माहीत होतं, कारण गाडी चालवताना तो फोन डिकीतल्या पिशवीत टाकतो. ही शिस्त त्याला मीच लावली. लग्न झाल्यापासून मी रोज संध्याकाळी त्याला ऑफिसातले अपघात ऐकवत आले, कोण मेसेज वाचता वाचता दुभाजकावर चढला, कोण गाणं बदलताना दुसऱ्याच्या फाटकात घुसला. शेवटी एक दिवस तो म्हणाला, "बाई गं, हा घे फोन, डिकीत टाकतो, पण जेवताना तरी माणसं मारू नकोस." तेव्हापासून फोन डिकीत. सासूबाईंकडेही फोन आहे, पण तो त्या चोरीला जाईल म्हणून घरीच कपाटात ठेवतात. तेव्हा वाट बघण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं. नवीन पॉलिसी काढायला मला दोन मिनिटं लागली. कार्डानं पैसे भरले, कागद आला. कागदावर स्वच्छ छापलं होतं: आज मध्यरात्रीपासून लागू. एकदा खंड पडला की असंच होतं. पुढची तारीख मिळते, मागची मिळत नाही. हे वाक्य मी काउंटरवर इतक्या जणांना इतक्या वेळा ऐकवलंय की त्याला माझ्या तोंडात ठरलेली चाल आहे. 'मागची' म्हणताना मान थोडी तिरकी होते.

लोकांना वाटतं, विमा आपल्या गाडीसाठी असतो. बंपर, काच, पत्रा. तोही असतो, पण त्याची सक्ती नाही. सक्ती आहे ती थर्ड पार्टीची. नव्या लोकांना शिकवताना मी बोटांवर मोजून सांगायचे: एक तुम्ही, दोन कंपनी, आणि तीन म्हणजे रस्त्यावर जो कोण असेल तो. तुमच्या ओळखीचा नाही, पाळखीचा नाही. तो आज सकाळी कुठल्या रंगाचा शर्ट घालून घरातून निघाला हेही तुम्हाला माहीत नाही. कायद्याला तुमच्या गाडीचं सोयरसुतक नाही, तुमचंही नाही. त्याला काळजी त्या तिसऱ्याची. त्याचा पाय मोडला तर दवाखाना कोण बघणार, तो गेला तर त्याच्या घरात चूल कशी पेटणार, एवढंच कायदा विचारतो. विमा असेल तर ते कंपनी बघते. नसेल तर दंड वेगळा, कैदेची शक्यता वेगळी, आणि कोर्ट ठरवेल ती भरपाई गाडीमालकानं खिशातून द्यायची, तिला वरची मर्यादा नाही. चालवत कोणीही असो. ही गाडी माझ्या नावावर आहे. ऑफिसच्या कर्जातून घेतली म्हणून. घरात सगळ्याची वाटणी आहे, गॅस आणि लाइटबिल त्याच्याकडे, इन्शुरन्सचं खातं माझ्याकडे. त्यानं ते सतरा दिवसांत एकदाही विचारलं नाही, कारण विचारायची गरजच नव्हती. बायको विमा ऑफिसात आहे म्हटल्यावर हा प्रश्न विचारणारा नवरा वेडाच म्हणायचा.

आणि मी? मी फोन येईल म्हणून बसले होते. हे मला पेन्सिल टेकवलेली असतानाच कळलं आणि त्याचं मला खरंच नवल वाटलं. मुदत संपायच्या दोन-तीन दिवस आधी आमच्या ऑफिसातून गिऱ्हाइकाला फोन जातो. दरवर्षी मलाही यायचा. शेजारच्या टेबलावरून रेडिओ मला फोन करायची, मी पाच फुटांवरून उचलायचे, आणि ती अगदी परक्या आवाजात "नमस्कार, मी विमा कार्यालयातून बोलतेय," म्हणायची. मग आम्ही दोघी हसायचो. रेडिओ म्हणजे फोनवर बसणारी माझी मैत्रीण. आवाज गोड आहे आणि बंद होत नाही, म्हणून सगळे तिला रेडिओ म्हणतात, तोंडावरसुद्धा. मी यादीवर माझी ओळ आडवी वाचत गेले. फोनची तारीख होती, वेळ होती, चार वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं: फोन उचलला नाही.

त्या रकान्यात चार गोष्टी लिहिता येतात. भरतो म्हणाले, नंतर करा, चुकीचा नंबर, आणि फोन उचलला नाही. पहिल्या तिन्हींत समोरचा काहीतरी बोललेला असतो, तो उद्या येऊन म्हणू शकतो की मी असं म्हणालोच नव्हतो. चौथ्यात कुणीच बोललेलं नसतं. मी माझा फोन काढून त्या तारखेपर्यंत मागे गेले. तारीख जवळजवळ तीन आठवड्यांपूर्वीची, मंगळवार. त्या दिवशी दुपारी एक बँकेचा फोन होता, साडेसहाला नवऱ्याचा, मधे काही नाही. चार अठ्ठेचाळीसला मी कुठे होते तेही मला आठवत होतं. इथेच होते, याच खुर्चीत, आणि रेडिओ पाच फुटांवर पर्समध्ये लिपस्टिक शोधत होती. मी मान वळवून तिला म्हटलं, "अगं, माझ्या गाडीची मुदत संपली. फोन केला होतास?" तिनं स्क्रीनवर बघितलं. तिच्या मानेवर एक शीर आहे, ती हलली. "केला होता की," ती म्हणाली. "तू उचलला नाहीस." मी हातातला फोन तिच्यापुढे धरू शकले असते. त्याऐवजी मी म्हणाले, "असेल. कामात असेन मी." आणि म्हटल्याबरोबर माझ्या लक्षात आलं की हे वाक्य माझं नाही.

हे वाक्य एका सोफेवाल्याचं आहे. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान आहे. जुने सोफे उसवून नवीन कापड चढवतो, गाद्या शिवतो, ते न्यायला-आणायला एक छोटी व्हॅन होती. तीन वर्षांपूर्वी मी रेडिओच्या खुर्चीत होते. एका शुक्रवारी पाचला दहा कमी असताना माझे सात नंबर उरले होते. बाजारात पडद्याच्या कापडाच्या सेलचा तो शेवटचा दिवस होता आणि दुकान सहाला बंद व्हायचं. मी सातही ओळींपुढे 'फोन उचलला नाही' टाकलं. वेळेचा रकाना मोकळा सोडता येत नाही, म्हणून वेळाही टाकल्या, दोन दोन मिनिटांच्या अंतरानं. चार बावन्न, चार चोपन्न, चार छप्पन्न. शेवटची पाचच्या पुढे गेली तेव्हा मी पर्स खांद्याला लावलेली होती. चार बावन्न सोफेवाल्याचा. पडदे मिळाले, हिरवे, जाड कापडाचे. घरी लावले तर वीतभर आखूड निघाले, मापात चूक माझीच. ते अजून आहेत. रोज सकाळी त्यांच्याखालून वीतभर उजेड फरशीवर पडतो आणि मी जाग आल्यावर आधी तो बघते. दोन दिवसांनी, रविवारी, सोफेवाल्याची मुदत संपली. मंगळवारी त्याच्या व्हॅनखाली एक निवृत्त पोस्टमन आला. रस्ता ओलांडत होता. जगला, पण पायात काही राम राहिला नाही.

सोफेवाला काउंटरवर आला तो आणखी आठवड्यानं. बरोबर बायको होती, ती त्याच्या अर्धं पाऊल मागे, दोन्ही हातांनी कागदांची पिशवी पोटाशी धरून. त्यानं आवाज चढवला नाही. म्हणाला, "मॅडम, दोन दिवसांचा फरक आहे. मागची तारीख टाकता येईल का?" मी मान तिरकी करून माझं वाक्य म्हटलं. मग तो म्हणाला, "दरवर्षी तुमच्याकडून फोन यायचा बघा. त्या भरवशावर राहिलो. यंदा आलाच नाही." मी सांगू शकले असते, असं वाटायला आता सोपं आहे. तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं की साहेबांची केबिन उघडी आहे. मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली आणि बोट ठेवून दाखवलं. "हे बघा. शुक्रवार, चार बावन्न. फोन केला होता, तुम्ही उचलला नाहीत." तो वाकून वाचत राहिला, शाळेतली मुलं वाचतात तसं ओठ हलवत. मला वाटलं, आता हा खिशातून फोन काढणार आणि मागे जाऊन बघणार. त्याचा फोन अगदी जुना, बटणांचा, त्यात शेवटचे दहाच फोन राहतात हे नंतर कळलं. पण त्याला बघायचं सुचलंच नाही. स्क्रीनवर वेळ लिहिलेली होती, त्यापुढे माणूस काय बोलणार? तो बायकोकडे वळला. "शुक्रवारी पाचच्या सुमारास फोन तुझ्याकडेच होता ना?" ती म्हणाली, "होता. पण माझं मशीन चालू होतं." त्यानं तिच्याकडे बघितलं. रागानं नाही. कुठेतरी ठेवलेली वस्तू सापडल्यावर माणूस बघतो, तसं. ती म्हणाली, "नसेल ऐकू आला मला." मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "असेल. कामात असू आम्ही. सॉरी हां मॅडम, तुम्हाला उगाच त्रास." माझी माफी मागून तो गेला. दारातून बाहेर पडताना तो पुढे होता, ती मागे, आणि आता अंतर अर्ध्या पावलापेक्षा जास्त होतं.

पुढच्या सहामाहीत मला बढती मिळाली. माझा एकही रकाना कधी मोकळा नसायचा म्हणून. साहेबांनी सगळ्यांसमोर तसं सांगितलंही. मी यादी तपासणारी झाले, म्हणजे दुसऱ्यांनी भरलेल्या रकान्यांपुढे टिंब देणारी. सोफेवाल्यानं व्हॅन विकली, मोठं मशीन विकलं, पोस्टमनचा दवाखाना, भरपाई सगळं केलं, असं उडत उडत कानावर आलं. मी एकदा त्याच्या दुकानात गेले. का गेले ते मला नीट सांगता येणार नाही. खुर्चीची एक उशी शिवायला नेली होती, हे निमित्त. तो बाहेर गेला होता, बायको एका लहान मशीनवर बसली होती. तिनं मला ओळखलं नाही. तिच्या गळ्यात कापडाची पिशवी होती, त्यात फोन. दोरी इतकी आखूड की फोन अगदी छातीशी टेकलेला. मी बघतेय म्हटल्यावर ती हसून म्हणाली, "मशीनमध्ये ऐकू येत नाही ना, म्हणून. असा टेकला की थरथर कळते." तेवढ्यात नवरा आला. मला बघून "मॅडम, तुम्ही?" म्हणाला, स्टूल पुसून दिलं. मग बायकोच्या गळ्याकडे हात करून म्हणाला, "एकदा नाही ऐकू आला, तेवढ्यानं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहेच." चेष्टेच्या सुरात म्हणाला. बायको पण हसली. ती चेष्टा त्या घरात किती वेळा झाली असेल, हे तिच्या हसण्यावरून कळत होतं. ती हसत असताना तिचा हात मशीनच्या चाकावर तसाच होता. मी उशी ठेवून आले आणि पुन्हा आणायला गेले नाही.

पावणेबारा झाले, सव्वाबारा झाले. मी दर दहा मिनिटांनी नवऱ्याला फोन लावत होते आणि तो पूर्ण वाजून बंद होत होता. डिकीतल्या अंधारात, सासूबाईंच्या टॉवेलखाली तो कसा उजळत असेल ते मला दिसत होतं. ते पोचले असतील, तो फोन गाडीतच विसरला असेल, हे मला पटत होतं. पटूनही हात थांबत नव्हता. एक गोष्ट मात्र चमत्कारिक होती आणि ती मी लपवणार नाही. इतक्या वेळात नवऱ्याला काही झालं असेल, सासूबाईंना लागलं असेल, असं एकदाही माझ्या मनात आलं नाही. मनात येत होता तो फक्त एक अनोळखी माणूस. कधी सायकलवर, कधी पायी, कधी नुसता एक पाय आणि त्यातली चप्पल. मी त्याला रस्त्याच्या कडेला उभा करायचे आणि तो पाऊल पुढे टाकायचा. वीस वर्षं तिसऱ्याचं शिकवून शिकवून माझ्या डोक्याला त्याच्याशिवाय कुणी दिसेनासं झालं होतं. आणि त्या पोस्टमनला, जो खरोखरचा तिसरा होता, मी आयुष्यात एकदाही बघितलेलं नाही. सोफेवाल्याच्या बायकोला बघितलंय. ती कुठल्या बोटावर मोजायची हे मला नवीन लोकांना शिकवता आलं नसतं.

दीड वाजता नवऱ्याचा फोन आला. "काय गं, वीस मिस्ड कॉल? घर जळलं की काय?" आईचं ऑपरेशन छान झालं होतं, डोळ्याला पट्टी होती, तासाभरानं निघायचं होतं. मी त्याला एका दमात सांगितलं.  तो म्हणाला, "बरं, रात्री बारापासून लागू आहे ना? मग झालं तर. एवढे सतरा दिवस चालवलीच की." मी म्हटलं, "तेव्हा माहीत नव्हतं. आता गाडीला हात लावू नकोस." "म्हणजे? आईला पट्टी बांधलेली, आणि मी तिला एसटी स्टँडवर उभी करू?" "टॅक्सी कर. गाडी तिथेच ठेव. उद्या जाऊन आणू." तो कंटाळल्यासारखा श्वास सोडून म्हणाला, "सकाळीच एक म्हातारा मधे आला होता. हायवेला लागायच्या आधी. ब्रेक लागला म्हणून."   बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ते ऐकू आलं असणार. मग तो म्हणाला, "ठीक आहे, टॅक्सी करतो. पण हे तुझं खातं होतं. तुमच्या ऑफिसातून फोन येतो ना दरवर्षी?"

"आला होता म्हणे," मी म्हटलं. "मी उचलला नाही."

"उचलला नाहीस म्हणजे? दिवसभर फोन हातात असतो तुझ्या."

शेजारी रेडिओ बसली होती. तिची कीबोर्डवरची टकटक थांबली होती. माझ्याकडे पुरावा होता, हातात धरलेला होता, आणि तरी मला तो वापरता येईना. कारण रेडिओला खोटं पाडायचं तर ज्या तोंडानं पाडणार ते माझंच होतं. "नसेल कळलं मला," मी म्हटलं. मागून सासूबाईंचा आवाज आला, थोडा गुंगीतला, "जाऊ दे रे. कामात असेल ती." त्यांनी माझी बाजू घेतली आणि तेच मला सगळ्यात लागलं. त्यांनी मला माफ केलं होतं, न वाजलेल्या फोनबद्दल. आता हे घरात राहणार. उद्या दूध उतू गेलं तर नवरा म्हणेल, हिला काय, फोन वाजलेला कळत नाही. चेष्टेतच म्हणेल. मी हसेन. माझी अजून दोन मिनिटंही झाली नव्हती आणि मला ते सोसवेना. सोफेवाल्याच्या बायकोची तीन वर्षं झाली होती. मला लाज वाटली, आणि ती अशी वाटली की कानाच्या पाळ्या गरम झाल्या. लाज तेव्हाही वाटली होती, पण ती पकडले जाऊ म्हणून. ही वेगळी होती.

मी डबा उघडला नाही. यादीवर सही केली नाही. साडेचारला नवऱ्याचा मेसेज आला: पोचलो, आई झोपली, टॅक्सीवाल्यानं लुटलं. म्हणजे माझ्यापुरतं सगळं मिटलं होतं. गाडी हॉस्पिटलच्या आवारात उभी होती आणि उभी गाडी कुणाला मारत नाही. म्हातारा त्याच्या घरी चहा पीत असेल. कुणी काही विचारणार नव्हतं, साहेब यादीतल्या सदतिसाव्या ओळीवर फार तर एखादा विनोद करतील. खुर्चीत टेकून बसावं असं मला वाटलं, आणि मी टेकूनही बसले, एक मिनिटभर. मग ऑफिसचा फोन ओढून घेतला. नंबर शोधावा लागला नाही. चार बावन्नचा नंबर मला पाठ आहे, माझ्या स्वतःच्या गाडीचा नसेल इतका. रेडिओ वळून बघायला लागली. मी तिला म्हटलं, "ऐक. तूही ऐक."  ती गप्प बसलेली मी पहिल्यांदा बघत होते.

पहिली रिंग पुरी व्हायच्या आत फोन उचलला गेला. मागे मशीन थांबत थांबत बंद झालं. "हॅलो, बोला, ऐकू येतंय मला," सोफेवाल्याची बायको म्हणाली. मी तोंड उघडलं आणि वीस वर्षांची सवय बाहेर आली. "नमस्कार, मी विमा कार्यालयातून बोलतेय." ती लगबगीनं म्हणाली, "भरलाय हो मॅडम आम्ही, नव्या गाडीचा. मुदत संपायच्या महिनाभर आधीच भरला. मी स्वतः आठवण केली ह्यांना." मी म्हटलं, "त्याचं नाही. तीन वर्षांपूर्वीचा जो फोन होता ना, शुक्रवारचा, त्याबद्दल बोलायचंय."  मग ती हळू आवाजात म्हणाली, "त्याचं आता काय निघालं? चुकलंच माझं ते."

"तुमचं नाही चुकलं. तो फोन मी केलाच नव्हता. मला सेलला जायची घाई होती. न करताच लिहून टाकलं, तुम्ही उचलला नाही म्हणून. वेळ पण मीच मनानं टाकली."

 फोन तिच्या छातीशी होता, तिचा श्वास मोठा ऐकू येत होता. मला वाटलं रडतेय. रडत नव्हती. "पण मॅडम," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात आरोप नव्हता, नुसता गोंधळ होता, "मला तर तो वाजलेला आठवतो. पहिल्यांदा नव्हता आठवत. तुमच्याकडून घरी जाताना मी ह्यांना म्हटलं पण, अहो, वाजला नाही हो. मग नंतर आठवायला लागलं. मशीन चालू होतं, निळ्या सोफ्याचं काम होतं, आणि बाजूला वाजत होता. मी म्हटलं होतं, एवढी शिलाई होऊ दे, मग घेते. असं आठवतं मला."

"वाजला नव्हता," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की. कुणाला विचारायची गरज नाही. मीच ती."

रेडिओनं मान खाली घातली होती आणि नखानं टेबलाची कड खरवडत होती. साहेबांच्या केबिनचं दार आजही उघडं होतं. ते बाहेर येतील, विचारतील, मग मी तेही सांगेन, आणि ही खुर्ची बहुतेक राहणार नाही. त्याचा विचार मला करायचा होता, पण तेवढी फुरसत मिळाली नाही. पलीकडे ती कुणालातरी हाक मारत होती, "अहो, जरा इकडे या. हातातलं राहू द्या." मग मला म्हणाली, "ह्यांना सांगा. मी सांगून नाही पटायचं. तुमचं लिहिलेलं ह्यांनी वाचलंय." स्टूल सरकल्याचा आवाज आला. दोरी गळ्यातून काढायची तिला आठवण झाली नसावी, कारण त्याचा आवाज आला तो खूप जवळून, वाकल्यासारखा, आणि त्याच्या मागोमाग तिचा श्वास तसाच ऐकू येत राहिला.

"बोला मॅडम," तो म्हणाला. "काय झालं?"

मी शुक्रवारपासून सुरुवात केली.